विश्रांतीचा आठवडा

"खरं सांग, पळालीस ना?"

मामानं दवाखान्याच्या जिन्यापाशी भाचीला गाठून विचारलं. आवाज मैदानावरचाच. या आवाजानं भल्याभल्या पोरांची दातखीळ बसायची. भाची मात्र बाकावर ऐसपैस पाय पसरून बसली होती.

"नाही हो सर. एक पाऊलसुद्धा नाही."

मैदानावर 'सर, तुम्ही' आणि घरी 'मामा, तू' असा दोघांमधला शिरस्ता होता. दवाखाना त्यातल्या कशात मोडतो, ते अजून ठरायचं होतं.

"मग गच्चीवर दोरीच्या उड्या मारल्या असशील."

"दोरी आईनं कपाटात कोंडून ठेवलीय."

"मैत्रिणींबरोबर पोहायला गेली असशील."

"अहो सर, आठवडाभर नुसती लोळतेय मी! पाणीसुद्धा दादा आणून देतो आणि वर टोमणे मारतो. काल आईला म्हणाला, हिला जरा उन्हात ठेव, बुरशी येईल."

एरवी मामा खो खो हसला असता. आज नाही.

या कार्टीनं जन्मात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. अंगात ताप आहे, झोप, म्हणावं तर ही सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. घोटा मुरगळला तेव्हा सक्तीनं घरी बसवलं, तर चोरून टेकडी चढून आली. त्या वेळी मामानं तिला सगळ्यांसमोर चांगलं फैलावर घेतलं होतं. आणि नेमकं आताच तिला शहाणपण सुचावं!

आत्ताच आत डॉक्टरबाईंनी त्याला एकट्याला बसवून समजावलं होतं. व्यायामानं स्नायू थोडेफार झिजतात आणि त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं. खेळाडूंच्या रक्तात ते वाढलेलं दिसायचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून तर पहिल्या तपासणीनंतर बाईंनी आठवडाभर पूर्ण विश्रांती सांगितली होती. विश्रांतीनं आकडा उतरायला हवा होता. तो उलट चढला होता.

"तिनं खरंच विश्रांती घेतली असेल, तर स्नायू आपले आपणच झिजताहेत," बाई म्हणाल्या होत्या. "आणखी तपासण्या करू, पण लक्षणं चांगली नाहीत. या आजारावर आज तरी औषध नाही. आधी पळणं सुटतं, मग हळूहळू चालणं. पळत राहिली तर आणखीच लवकर." मग मामाचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "लपूनछपून पळाली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. विचारून या."

तेवढ्या आधारावर तो बाहेर आला होता.

"हे बघ," मामा तिच्याशेजारी बसला. आता त्याला आवाज चढवता येईना. "मी रागावणार नाही. पळाली असशील तर सांगून टाक. चांगलंच होईल."

"चांगलं?"

भाचीनं मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगी अभ्यासात यथातथाच होती, पण माणसाचा चेहरा तिला बरोबर वाचता यायचा.

"मामा, मी पळाले असते तर तुला बरं वाटलं असतं?"

रडण्याची मामाला मुळीच सवय नव्हती. तो उगीच खाकरत राहिला. समोर एक बाई मुलाला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती. भाची बराच वेळ त्या दोघांकडे बघत बसली.

"पळाले," ती म्हणाली.

"कधी?"

"रोज. पहाटे. आईला सांगू नकोस."

खोटं बोलताना ती नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघायची, हे मामाला ती एवढीशी होती तेव्हापासून ठाऊक होतं. आत्ताही ती तशीच बघत होती. मामा उठला आणि सरळ आत गेला.

"पळालीय," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "रोज पळालीय. कबूल केलं तिनं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"बरं. मग आणखी एक आठवडा विश्रांती. परत रक्त तपासू. या खेपेला तुम्ही स्वतः लक्ष ठेवा."

मामा बाहेर आला तो हात झटकत, मोठ्ठं काम फत्ते केल्यासारखा. "चला, आणखी आठवडाभर लोळा आणि मग परत सुई. चोरून पळायला पाहिजे नाही का!"

"दादाला सांग, बुरशीचं औषध आणून ठेव म्हणावं," भाची म्हणाली.

दोघंही हसले. हसणं फार वेळ टिकलं नाही. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती आणि मामा तिच्यापुढे एक पायरी राहून चालत होता. खाली रस्त्यावर आल्यावर ती थांबली.

"मामा, या आठवड्यात मला पळू दे ना. खरंखुरं."

"डोकं फिरलंय का तुझं? मग आकडा उतरायचा कसा?"

"तो नाही उतरणार." ती शांतपणे म्हणाली. "पळाले तर निदान पुढच्या वेळी खोटं सांगावं लागणार नाही. आणि अजून पळता येतंय तोवर…"

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मामानं मोटरसायकलची किल्ली काढली, गाडीला लावली, पण फिरवली नाही.

"पहाटे ये मैदानावर," शेवटी तो म्हणाला. "आणि उशीर केलास तर याद राख."