गिअरची मूठ
जुन्या जीपमध्ये नव्या मॉडेलचा गिअरबॉक्स बसवून देवाजी मिस्त्रीनं ती सकाळीच प्रफुलच्या हवाली केली होती. वडिलांची आठवण म्हणून प्रफुलनं गिअरच्या दांड्यावर जुनीच मूठ बसवून घेतली. उरलेली नवी मूठ पुसताना देवाजीची नजर तिच्यावरच्या आकड्यांवर गेली आणि हातातलं फडकं थांबलं. जुन्या गिअरबॉक्समध्ये, आणि म्हणून जुन्या मुठीवरही, रिव्हर्स डावीकडे वर होता; नव्यात तिथं पहिला गिअर, रिव्हर्स उजवीकडे खाली. हे सांगायचंच राहिलं होतं. त्यानं फोन लावला. "भाऊ, पुलावर पाणी हाये, गाडी मागं घेऊन राह्यलो," प्रफुल म्हणाला. "क्लच सोडू नोको!" देवाजी ओरडला. "काऊन?" "तो पहिला हाये. दांडा उजवीकडं ने, आता खाली ओढ." हातातल्या मुठीवरचे आकडे बघत देवाजी सांगत होता. फोनमध्ये इंजिन गुरगुरलं, गाडी कुणीकडं सरकली, कळेना. मग प्रफुलच्या लहानग्या पुनमचा आवाज आला, "बाबा, पाणी दूर चाललं!"