मताचा काटा

सकाळी अकरा वाजता अर्थशास्त्राच्या खरात सरांना शिकवता शिकवता वर्गाबाहेर काढण्यात आलं. त्यांच्या वर्गातल्या अश्लेषा घोलपचं धरणाबद्दलचं मत सत्रभरात बदलल्याचं मतमापक यंत्रानं दाखवलं होतं. विद्यार्थ्याचं मत हललं की शिक्षक पक्षपाती, असा विद्यापीठाचा नियम होता.

अश्लेषा तडक प्राचार्यांच्या खोलीत शिरली. "मॅडम, सर धरणाच्या बाजूचे. मीही होते. पण वर्गातल्या वादात ते प्रत्येकाला उलटी बाजू मांडायला लावतात. मी धरणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांचं म्हणणं वाचलं आणि मला ते पटलं. सरांच्या विरोधात गेले मी. यात त्यांचा पक्षपात कुठे आला?"

"कुठल्या बाजूला हललं ते यंत्र बघत नाही, बाळ. हललं एवढंच बघतं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा मोजणीला बस. काटा जुन्या जागी आला, तर सर उद्या वर्गावर येतील."

"म्हणजे शिकलेलं विसरू?"

"ते तुझं तू बघ. काटा आला पाहिजे."

रागानं तिचे कान तापले. तरी सरांसाठी ती मापकाच्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटून धरणाचे फायदे घोकू लागली.

दुपारी दोन वाजता ती अजून तिथेच होती. काटा तसूभरही हलला नव्हता.