सोमवारची बोट

"प्रश्नचिन्हं आली," ललित फोनवर म्हणाला. "नावं सगळी गेली. नुसती प्रश्नचिन्हं."

पलीकडे वारा वाजत होता. नर्मदाकाठच्या मणिबेली गावात टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, म्हणून ईश्वर तडवी सकाळपासून टेकडीवरच बसला होता.

"आधी नावं भरणं थांबवा," तो शांतपणे म्हणाला. "मग पडद्यावर काय दिसतं ते वाचा."

रविवार होता. खापर गावातल्या संस्थेच्या ऑफिसात ललितशिवाय कुणी नव्हतं. ललित रनाळ्याचा. शिकला नाशिकला, आणि ही त्याची पहिली नोकरी, तीही महिनाभर काम बघून मग कायम करण्याच्या बोलीवर. नर्मदाकाठच्या गावांना संस्थेची दवाखान्याची बोट जायची. कुठल्या पाड्यात कोण गरोदर, कुणाच्या क्षयाच्या गोळ्या कधी संपतात, हे आजवर वह्यांत लिहिलं जाई. मागच्या महिन्यात बोटीत पाणी शिरलं आणि दोन वह्यांचा लगदा झाला. तेव्हा संस्थेच्या प्रमुख रुचिकाताईंनी ठरवलं, सोमवारची बोट वेब ॲप घेऊनच निघेल. ॲप कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं होतं. ते नव्या लॅपटॉपवर उभं करायचं, तपासायचं आणि सर्व्हरवर चढवायचं, एवढं ललितचं काम.

शनिवारी दुपारी त्यानं ते चढवलं. रुचिकाताईंच्या देखत कोऱ्या पांढऱ्या पानाशिवाय काही उघडलं नाही. त्या तडक निघून गेल्या.

रविवारी सकाळी ॲपच्या फायली उलटसुलट करताना त्याला एक टिपण सापडलं. खाली लिहिलं होतं, 'अडलं तर फोन करा. ईश्वर.' आणि नंबर. त्यानं लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, जणू माणूस वाटच बघत होता.

ललितला वाटलं होतं, कुणी पुण्याकडचा मोठा प्रोग्रॅमर असेल. ईश्वर म्हणाला, तो बोटीवर औषधांची खोकी उचलायचा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना रिकामा वेळ असायचा, तेव्हा मोबाइलवर बघून बघून शिकला आणि हे ॲप लिहिलं. मग ॲपचं काम का सोडलं, असं विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता तुम्ही आलात ना."

त्यानं आयतं उत्तर एकदाही दिलं नाही. ललितला पडद्यावरची ओळन् ओळ वाचायला लावी आणि विचारी, तुम्हाला काय वाटतं? पांढऱ्या पानाचं कारण असंच ललितच्याच तोंडून बाहेर पडलं. डेटाबेसचा पासवर्ड लॅपटॉपवरच्या फाइलीत होता, सर्व्हरवर ती फाइल गेलीच नव्हती. मधे चारदा फोन कटला. चारही वेळा ईश्वरनंच परत लावला.

दुपारी मात्र ही प्रश्नचिन्हं आली आणि ललितचा धीर सुटला. तोंडून आपोआप घरची अहिराणी निघाली.

"भाऊ, आते मन्हाघाई काही व्हनार नही."

ईश्वरनं आपल्या मावशीचं सांगितलं. रूपलीबाई. भिजलेल्या वहीत तिचं नाव होतं. वही गेली तशी तिच्या गोळ्यांची तारीखही गेली आणि तीन आठवडे औषध चुकलं. आता ती परत खोकतेय.

"तिचं नाव तिथं नीट दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "तुम्ही डेटाबेस बनवला तेव्हा त्याला मराठी अक्षरं कळतील असं सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. ललितनं तपासणीपुरता भरलेला डेटाबेस पुसला, योग्य सेटिंग घालून नवा बनवला, आणि पहिलं नाव टाइप केलं. पान पुन्हा उघडलं. रूपलीबाई. उकारासकट, वेलांटीसकट. ललितनं अक्षर अन् अक्षर मोजून पाहिलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

मग ईश्वर म्हणाला, आता बॅकअप घ्या, आणि मीही खाली उतरतो, सकाळपासून पाणी प्यायलो नाही.

सोमवारी बोट वेळेवर सुटली. दुपारी रेंज असलेल्या पहिल्या गावची बावीस नावं ऑफिसच्या पडद्यावर एकेक करून उमटली. रुचिकाताई ललितच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. नोकरी पक्की समज, असं त्यांनी सांगितलं.

ललितला गप्प राहवेना. त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. हे माझं काम नाही ताई, ईश्वरभाऊंचं आहे, दिवसभर उन्हात टेकडीवर बसून त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. त्यांचं नाव कुठंतरी यायला हवं.

रुचिकाताई खुर्ची ओढून बसल्या.

"तुझ्या जागेसाठी मुलाखतीला दोघंच होते," त्या म्हणाल्या. "दुसरा ईश्वर. पदवी नाही म्हणून राहिला. शनिवारी इथून निघाले आणि थेट त्यालाच फोन लावत राहिले, संध्याकाळी तो टेकडीवर आला तेव्हा लागला. म्हटलं, ललितला जमत नाही, तू उद्याच ये, नोकरी तुझी."

"मग?"

"एक दिवस थांबा म्हणाला. मला वाटलं, स्वतःसाठी मागतोय."