बोथटच बरी

पोलीस चौकीतल्या टेबलावरची सुरी धारवाल्याने दारातूनच ओळखली. लेकीला संसार मांडताना त्यानेच दिलेली, दर महिन्याला चाकावर त्यानेच धार लावलेली. “घरात ठेवा, कुणी विचारणार नाही,” हवालदार लेकीला समजावत होता, “पर्समध्ये घालून रस्त्यावर आणलीत की गुन्हा.” धारवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लेकीवर खेकसला, “अगं, भाजी चिरायची सुरी ऑफिसला कशाला न्यायची? डोकं ठिकाणावर आहे ना?” तिने मान वर केली नाही. “घरी राहिली की भांडणात तुमचे जावई तीच हातात घेतात, बाबा.” धारवाल्याची नजर पुन्हा टेबलावरच्या पात्याकडे गेली. मागच्या महिन्यात त्याने धारेसाठी सुरी मागितली, तेव्हा ती म्हणाली होती, “राहू द्या. बोथटच बरी.” “धारवाल्याच्या पोरीकडे बोथट सुरी? लोक हसतील,” म्हणत त्याने तिला केस चिरेल अशी धार लावून दिली होती.