मावशीचं आमेन

"मोशे डोंगरावर चढला," पाळक म्हणाले आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली : मावशी डोंगरावर चढला.

चर्चमधली सगळी मंडळी हसली. सगळे जिला मावशीच म्हणायचे ती दुसऱ्या बाकावरची मावशीही हसली आणि हसता हसता चपापली. आज ती सगळ्यांच्या बरोबरीने हसली होती. एरवी लोकांचे खांदे हलले की काहीतरी गंमत झाली एवढं तिला कळायचं, आणि ती हसायला लागेपर्यंत बाकीचे थांबलेले असायचे.

तरुणपणी एका तापात तिचे दोन्ही कान गेले होते. शिवणकामावर तिचं पोट चालायचं आणि त्याला कान लागत नाहीत. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं ओळखायची. पण या पाळकांनी भरघोस दाढी-मिशा राखलेल्या, त्यामुळे ती वाट बंद. मग त्यांच्या हातवाऱ्यांवरून ती आपलं प्रवचन आपणच रचायची. खरं सांगायचं तर तिचं प्रवचन जास्त आटोपशीर असायचं.

पडदा याच रविवारी लागला होता. घरी बसून मोबाइलवर उपासना बघणाऱ्यांसाठी आधी कॅमेरा आला, मागोमाग पडदा, आणि मंडळीतल्या वायरमनने बोललेलं आपोआप लिहून दाखवायची सोयही चालू करून दिली. "चर्च आहे की थेटर?" असं एक वडीलधारे कुरकुरले होते. ते मावशीने त्यांच्या ओठांवरून टिपलं होतं.

ती मात्र डोळ्यांत तेल घालून वाचत होती. यंत्र अडखळत होतं, मेंढपाळाला 'मेंढा पळाला' करत होतं, तरी अर्थ लागत होता. डोंगरावरून विषय निघाला तसं पाळकांनी सांगून टाकलं की आपल्याला साध्या शिडीवर चढायचीही भीती वाटते, दिवा बदलायला बायकोच चढते. मावशीने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या मनातले पाळक भलतेच कडक होते.

मग प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मावशीही दर रविवारी मिटायची, आणि प्रार्थना संपली की शेजारीण कोपराने हलकेच डिवचायची, मग ती "आमेन" म्हणायची. आज तिला राहवेना. तिने डोळे उघडेच ठेवले.

आजारी आहेत त्यांना बरं कर, पडदा लिहीत होता. प्रवासात आहेत त्यांना सांभाळ. आणि प्रभू, दर रविवारी मागतो तेच मागतो, आमच्या मावशीचे कान उघड.

यंत्राने पुन्हा मोशेचीच मावशी केली, तिला वाटलं. तिने ओळ परत वाचली. पण मोशेच्या कानांना काही झाल्याचं तिने बायबलात कधी वाचलं नव्हतं.

तिने आजूबाजूला पाहिलं. भरलेलं चर्च, मिटलेले डोळे, आणि 'आमेन' म्हणताना सगळ्यांचे ओठ एकदमच हलले. शेजारणीचं कोपर लागलं. मावशी आमेन म्हणाली नाही. कोपर पुन्हा लागलं.

"तुला हे ठाऊक होतं?" उपासना संपल्यावर तिने शेजारणीला विचारलं.

शेजारणीचे ओठ सावकाश हलले. "तुला वाईट वाटलं असतं, म्हणून नाही बोलले."

वाईट वाटतंय का, हे मावशीलाच कळत नव्हतं. एवढी माणसं आपल्यासाठी मागत होती म्हणून गहिवरून येत होतं, आणि आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल बोलणं चाललं होतं म्हणून अंग चोरल्यासारखंही होत होतं. ती उठली आणि दारात हात मिळवत उभ्या असलेल्या पाळकांकडे गेली.

"दर रविवारी माझ्या कानांसाठी मागता?"

पाळकांनी मान डोलावली. मग सुचलं तसा त्यांनी खिशातला मोबाइल काढला, त्यात बोलले आणि तिच्यापुढे धरला. *मी इथे आलो त्या वर्षापासून.*

"आणि मी दर रविवारी आमेन म्हणत आले. कशाला म्हणतेय, ते आज कळलं."

पाळकांचे कान लाल झाले. *चुकलंच माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं.* मग आणखी एक ओळ आली. *काय मागू तुमच्यासाठी?*

मावशी विचारात पडली. हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. ती बोलली की लोक भराभर माना हलवायचे, तेव्हा आपलं बोलणं त्यांना खरंच समजतंय की ते वेळ मारून नेताहेत, याची तिला इतकी वर्षं शंका होती.

"तुम्ही नका मागू," ती म्हणाली. "मीच मागते. ते यंत्र अजून चालू आहे ना?"

पाळकांनी वायरमनला हाक मारली. त्याने हात वर करून होकार दिला. लोक मागच्या बाजूला चहा घेत उभे होते. मावशी बाकांमधून चालत पुढे गेली, माइकपाशी उभी राहिली आणि लोकांकडे पाठ करून पडद्याकडे वळली.

"ऐकू येतंय का?"

पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं आली : ऐकू येतंय का.

जशीच्या तशी. एक काना इकडचा तिकडे नाही. मावशीने ती ओळ वाचली, आणि पुन्हा वाचली. मग तिने मागे वळून पाहिलं. हातातले कप हातातच धरून सगळे तिच्याकडे बघत होते, आणि शेजारणीने डोळ्यांना पदर लावला होता.

"बसून घ्या सगळे," मावशी म्हणाली. "मला जरा वेळ लागेल."