वाऱ्याने कोरलेल्या जिभा

कुब्लूने कुत्री थांबवली आणि तो स्लेजवरून उतरून मागे आला. "पोरी, उतर खाली. मला पुढचं काही दिसत नाही."

पोरी सत्तरीची होती आणि त्याची सख्खी आई होती. आलूकी तिचं नाव. कुब्लू जन्मला तेव्हा तिच्या मेलेल्या वडिलांचं नाव त्याला दिलं, तेव्हापासून रीतीप्रमाणे ती त्याला बाबा म्हणे आणि तो तिला पोरी. नावाबरोबर माणूसही परत येतो, असंच त्यांच्यात धरून चालतात.

"बाबाला दिसत नाही, म्हणून आंधळीला उतरवतोय," आलूकी कुरकुरली. "धन्य आहे."

अगदी आंधळी नव्हती ती. पण नजर मंद झाली होती, आणि या हिवाळ्यात दोनदा स्टोव्ह पेटता राहिला होता. तेवढ्यावर नव्या नर्सबाईने कागद भरला. उद्या दुपारी मोठ्या गावातून विमान सुटणार आणि आलूकीला दक्षिणेच्या शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन टाकणार. तिथे गेलेलं त्यांच्यातलं कोणी जिवंत परत आलं नव्हतं. काल आलेली ती पोरगी, सत्तर वर्षं विस्तव सांभाळलेल्या बाईला विस्तव शिकवत होती. पण परक्याचं काय मनावर घ्यायचं? कागदावर सही कुब्लूने केली होती. ते झोंबलं होतं.

वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात आभाळ आणि गोठलेला समुद्र एकाच रंगाचे झाले होते. आलूकी गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिने वरचा भुसभुशीत बर्फ झाडला आणि खालची कडक जीभ चाचपली. वायव्येचा वारा हिवाळाभर बर्फात अशा जिभा कोरतो. सगळ्यांची टोकं वाऱ्याकडे. डोळे मिटले तरी त्या दिशा सांगतात. सात वर्षांची असताना वडिलांनी डोळ्यांवर कातडं बांधून तिला हे शिकवलं होतं, आणि तिने तसंच कुब्लूला.

मोठ्या गावाला जायचं तर जिभा आडव्या कापत जायचं. उजवीकडे वळून टोकांच्या दिशेने गेलं तर नदीचं मुख लागतं. आलूकी तिथेच जन्मली होती. तिथली झोपडी अजून उभी होती आणि बर्फाखाली मासे होते.

हात गारठला तरी तिने तो उचलला नाही. वाटेबाबत ती जन्मात खोटं बोलली नव्हती. वाटेबाबत खोटं बोलणं म्हणजे माणूस मारणं, असं वडील सांगायचे. मग तिला तो कागद आठवला.

"उजवीकडे," ती म्हणाली. "चांगलं उजवीकडे."

"नक्की?"

"माझ्यावर भरवसा नसेल तर नर्सबाईला विचार."

कुब्लूने कुत्री वळवली.

आणि धक्के थांबले. सकाळपासून जिभा आडव्या कापताना स्लेज तिची पाठ सडकून काढत होती, आता पाळण्यासारखी चालू लागली. वाट बदलली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चोराच्या मनात चांदणं. आलूकी घाबरून मोठमोठ्याने कण्हू लागली.

"आई गं, काय हे धक्के. हाडं खिळखिळी झाली माझी."

"हो ना," कुब्लू मागे न बघता म्हणाला. "आज फारच धक्के आहेत."

वाटेत आणखी दोनदा त्याने विचारलं. दोनदा तिने उजवीकडेच सांगितलं, ताकास तूर लागू दिली नाही.

संध्याकाळी वारा पडला, धूसर उजेड निवळला आणि समोर नदीकाठची झोपडी दिसली. कुब्लू काही म्हणायच्या आत आलूकी खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी चुकले नाही. मुद्दाम आणलं तुला. ओरडायचं तर ओरड, मी जाणार नाही. न्यायचंच असेल तर हात-पाय बांधून ने."

कुब्लू खाली वाकून कुत्र्यांचे पट्टे सोडत होता. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा उजवीकडे म्हणालीस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

तो जवळ आला. गारठून लाल झालेला तिचा हात हातमोज्यातून काढून त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला. "या जिभा वाचायला तुला शिकवलं कोणी, पोरी?"

इतका वेळ धरून ठेवलेला राग कुठे ठेवावा ते आलूकीला कळेना. "आणि ती सही कोणी केली, बाबा?"

"मीच. चुकलो. कागद आता परत मिळत नाही. पण वादळात वाट कुणाचीही चुकते."

"तुझी?" ती म्हणाली. "या किनाऱ्यावर कुब्लूची वाट चुकली, असं सांगणार? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. विमान दर गुरुवारी येतं. दर गुरुवारी चुकू."