खुडूक

अंडी काढून घेतली तरी खुडूक कोंबडी जागची हलेना, की धुरपदाबाई तिला आडाच्या गार पाण्यात बुचकळायची. अख्ख्या चुडावा गावात हा इलाज नावाजलेला.

त्या साली ग्रामसेवकानं दिलेल्या बारा विलायती अंड्यांवर दोन आठवडे बसलेली कोंबडी ऐनवेळी मांजरानं नेली. पेरणी तोंडावर आली तरी बाजेवर लोळत असलेल्या नवऱ्याच्या घोंगडीत धुरपदाबाईनं अंडी सरकवली. "आवो, तुमी तसंबी उठत न्हाईत. निदान ऊब तरी द्या!"

खोटं वाटेल, पण आठवड्यात बाराच्या बारा पिल्लं निघाली. ती अंगणभर दाणे टिपायला लागली, शेजाऱ्यांची पेरणी उरकली, तरी आसाराम घोंगडीतच. "लय नाजूक काम केलंय म्या. आताच उठवायलीस व्हय?"



धुरपदाबाई आडाकडे गेली. तिनं पोहरा आडात सोडला.